रस्त्यावरचा जुना दिवा हाती आला: तो कुठला, केव्हाचा, हे कसं शोधायचं?

प्रश्न असा आहे: मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर चार काचांचा, खाली निमुळता होत गेलेला एक कंदील आणि त्याचा बिडाचा ब्रॅकेट मिळाला. छपराच्या आत पांढरा एनॅमलचा पत्रा आहे आणि मधोमध वरून खाली आलेली पितळी नळी आहे. विकणारा म्हणतो, हा फोर्टातला १८६५ सालचा गॅसचा दिवा. हे खरं आहे का, सिद्ध कसं करायचं, आणि साफ करून वायरिंग केलं तर बाल्कनीत लावता येईल का?

साफसफाईचं आधी सांगतो, कारण ते तातडीचं आहे. सध्या काहीही घासू नका. आतली काजळी पुसू नका, रंग खरवडू नका, गंजलेला बोल्ट तेल सोडून काढायचाही प्रयत्न करू नका. जी माहिती तुम्हाला हवी आहे ती त्या मळात आणि रंगाच्या थरांतच आहे. शिवाय जुन्या रंगात शिसं असतं. पॉलिश पेपर मारलात तर त्याची धूळ तुमच्या आणि घरातल्या मुलांच्या पोटात जाईल.

दुसरं काम याच आठवड्यात करा. दुकानदाराकडे परत जा आणि त्याला साल विचारू नका, जागा विचारा. माल कुणाकडून आला? पाडकामातून आला का? कुठल्या गिरणीतून, चाळीतून, बंगल्यातून, रेल्वे कॉलनीतून? की एखाद्या बंद पडलेल्या क्लबातून? साल तो सगळ्यांना सांगतो तेच तुम्हालाही सांगेल. पण हातगाडी कुठून आली हे त्याला खरोखर माहीत असतं, आणि महिन्याभरात तो ते विसरतो. इतकी वर्षं हे दिवे गोळा करताना माझं एक मत पक्कं झालं आहे: दिव्याचं वय त्याच्या अंगावरून बऱ्यापैकी काढता येतं, आजही आणि वीस वर्षांनीही. तो कुठे उभा होता हे मात्र फक्त माणसांच्या डोक्यात असतं, आणि ते एकदा गेलं की गेलं. म्हणून आधी माणसं गाठा, वस्तू नंतर तपासा. दुकानदाराने ज्या भंगारवाल्याचं नाव घेतलं त्यालाही भेटा. तो बहुतेक वेळा वॉर्डापर्यंत, कधी कधी थेट गल्लीपर्यंत नेऊन पोचवतो.

आता १८६५. हा आकडा बाजारात कुठून आला ते समजण्यासारखं आहे. मुंबईत रस्त्यांवर गॅसचे दिवे पेटले ते ऑक्टोबर १८६५ मध्ये. दिवे लावणारे एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे जात होते आणि लोकांचे घोळके त्यांच्या मागे फिरत होते, असं वर्णन मुंबई शहराच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. तेव्हापासून चार काचांचा प्रत्येक कंदील विकणाऱ्यांच्या तोंडी १८६५ चा झाला. पण त्या काळचा दिवा म्हणजे उघडी ज्योत. नळीच्या टोकाला चिरेचा बर्नर, त्यातून पसरट पिवळी ज्योत निघायची आणि नळी खालून वर यायची. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मँटलचं, म्हणजे ज्योतीत तापून उजळणाऱ्या जाळीचं, पेटंट घेतलं. थोरियम ऑक्साइडमध्ये सुमारे एक टक्का सेरियम ऑक्साइड हे त्याचं यशस्वी मिश्रण १८९० नंतर आलं. उलटी, खाली तोंड करून लटकणारी जाळी रस्त्यांवर आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तुमच्या कंदिलात नळी वरून खाली आली आहे आणि वर प्रकाश परतवणारा एनॅमलचा पत्रा आहे, म्हणजे आतली यंत्रणा उलट्या जाळीची आहे. ती १८६५ ची असू शकत नाही. सांगाडा त्याहून जुना असेल आणि आतलं सामान नंतर बदललं असेल, हे शक्य आहे. त्यासाठी कंदिलाच्या तळाशी बरोबर मध्यावर बुजवलेलं भोक आहे का ते पाहा. असेल तर तिथून पूर्वी खालची नळी येत होती.

सांगाडा कशाचा आहे? तांब्याचा पत्रा असेल तर बरं चिन्ह आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत लोखंडी पत्र्याचा कंदील फार काळ तग धरत नाही. खांब आणि ब्रॅकेट टिकतात, डोकं बदललं जातं. त्यामुळे कंदील आणि ब्रॅकेट एकाच वयाचे असतील असं गृहीत धरू नका. दोघांच्या नोंदी वेगळ्या ठेवा.

गॅसचा दिवा ओळखायच्या आणखी दोन खुणा आहेत आणि त्या मला फार आवडतात, कारण त्यांत माणसाचा हात दिसतो. कंदिलाच्या तळाच्या काचेत किंवा पत्र्यात एक छोटी झडप असते, वरच्या बाजूला उघडणारी. दिवेवाला लांब काठीच्या टोकाची पेटती वात तिथून आत घालायचा. त्या झडपेच्या कडेला आणि बिजागरीला वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी पडलेल्या खाचा असतात, त्याही एकाच बाजूला, कारण माणूस नेहमी एकाच दिशेने येऊन काठी वर करायचा. दुसरी खूण खांबावर किंवा ब्रॅकेटच्या मुळाशी असलेला आडवा दांडा. त्याला शिडी टेकवायची. तो दांडा वरच्या अंगाला झिजून गुळगुळीत झालेला असतो आणि खालच्या अंगाला ओतकामाचा खडबडीतपणा तसाच राहतो. नकली मालाला दांडा असतो, पण झीज नसते, किंवा ग्राइंडरने सगळीकडून सारखी केलेली असते. काजळीही पाहा. खरी काजळी छपराच्या आतून धुरांड्याच्या दिशेने दाट होत जाते; रंगाने केलेली काजळी सगळीकडे सारखी असते.

तळाला भोकच नसेल, नळीही नसेल आणि आत टाकी बसवायची कडी किंवा ताटली असेल, तर तो गॅसचा नव्हे, रॉकेलचा दिवा. निराश होऊ नका. गॅसचे नळ मुंबईसारख्या मोजक्याच शहरांत होते. आपल्या बहुतेक गावांत नगरपालिकेची दिवाबत्ती म्हणजे रॉकेलच, आणि ते कंदील बरेचदा गावातल्याच कारागिराने पत्रा कापून, डाग देऊन केलेले असत. सांध्यावरची जाडजूड डागाची रेघ, हाताने वळवलेली कड, चारही बाजू किंचित कमीजास्त: असा कंदील मला विलायतेच्या कारखान्यातून आलेल्या शंभर सारख्या कंदिलांहून मोलाचा वाटतो.

खुणा वाचताना एक शिस्त पाळा. कुठलीही खूण एक नेमकं साल देत नाही. ती एवढंच सांगते की वस्तू अमुक सालाच्या आधीची नाही किंवा तमुक सालानंतरची नाही. अशा दोन्ही बाजूंच्या खुणा जमल्या की मधली पट्टी अरुंद होत जाते.

ब्रिटिश मालावर इंग्रजीत 'आरडी नंबर' असं लिहून पुढे आकडा असेल, तर तो नोंदणी केलेल्या डिझाइनचा क्रमांक. ही मालिका १८८४ मध्ये १ पासून सुरू झाली आणि १९०० च्या सुरुवातीला साडेतीन लाखांच्या पुढे पोचली. त्याआधी, १८४२ ते १८८३ या काळात, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं नोंदणीचिन्ह असे. या नोंदवह्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि क्रमांकावरून डिझाइन कुणी नोंदवलं ते सापडतं. मात्र डिझाइनची नोंद झाली ते साल म्हणजे तुमचा नग घडवला ते साल नव्हे. तेच डिझाइन पुढे कित्येक वर्षं ओतलं जाई.

रेल्वेची अक्षरं असतील तर काम सोपं होतं. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) किंवा बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) कोरलेलं असेल तर वस्तू नोव्हेंबर १९५१ च्या आधीची, कारण त्या महिन्यात अनुक्रमे मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या. आणि मग ती रस्त्यावरची नाही, फलाटावरची किंवा यार्डातली आहे. मुंबईच्या विजेच्या सामानावर 'बी.ई.एस. अँड टी.' (बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज) ही अक्षरं दिसली तर पुढे 'कंपनी' आहे का ते पाहा. १९०५ ची ती खासगी कंपनी ऑगस्ट १९४७ मध्ये महापालिकेने घेतली. ट्रामवेजच्या जागी पुढे ट्रान्सपोर्ट आलं, त्यामुळे 'टी' वरून काहीच ठरत नाही. 'कंपनी' या शब्दावरून ठरतं.

स्वातंत्र्यानंतरच्या देशी दिव्यांसाठी माझा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे पत्त्याची पट्टी. मुंबई २६ असा जुना विभाग क्रमांक असेल तर ती बहुधा ऑगस्ट १९७२ च्या आधीची, आणि सहा आकडी पिनकोड असेल तर नक्कीच त्यानंतरची, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. आयएसआयचा शिक्का १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरच. बजाज इलेक्ट्रिकल्स हे नाव १९६० पासून. त्याआधी ती कंपनी रेडिओ लॅम्प वर्क्स होती. क्रॉम्प्टन पार्किन्सनचं क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज झालं १९६६ मध्ये. आणि जी.ई.सी. म्हणजे अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक नव्हे, ती वेगळी ब्रिटिश कंपनी होती. अनुभवी विक्रेतेसुद्धा या दोघींत गल्लत करतात आणि मग शोध चुकीच्या खंडात सुरू होतो.

बोल्टच्या आट्यांकडे फार कमी लोक पाहतात. आटा गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, तो घ्या. व्हिटवर्थ म्हणजे जुनं ब्रिटिश इंची माप; अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टला एका इंचात १२ आटे असतात. मेट्रिक एम-१२ मध्ये दोन आट्यांतलं अंतर १.७५ मिलिमीटर, म्हणजे इंचाला साडेचौदाच्या आसपास. मूळ ओतकामात पाडलेले आटे मेट्रिक निघाले तर व्हिक्टोरियन काळाची गोष्ट तिथेच संपली. उलट मात्र खरं नाही: इंची आटे निघाले म्हणून वस्तू विलायती ठरत नाही, कारण आपल्याकडच्या कारखान्यांत व्हिटवर्थचे टॅप आणि डाय मेट्रिक कायद्यानंतरही बराच काळ चालत राहिले.

बाजारातला बराचसा 'जुना स्ट्रीट लाइट' मुळात जहाजावरचा असतो, हेही ध्यानात ठेवा. अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून आणि आपल्या मुंबईच्या दारूखाना या जहाजफोडीच्या बंदरात त्याही आधीपासून फोडलेल्या जहाजांचं सामान मुंबईच्या बाजारात येतं. जाड पितळ किंवा तोफधातू, जाडजूड घुमटी काच, तिच्यावर पितळी जाळी आणि बाजूला वायर पाण्यापासून घट्ट धरणारी ग्लँड असेल तर तो जहाजाच्या बोळातला किंवा डेकवरचा दिवा. वस्तू सुंदर असते, जरूर घ्या. फक्त तिच्यावर काळबादेवीची पाटी लावू नका. नकलांपैकी निर्यातीसाठी केलेले पितळी कंदील आणि ॲल्युमिनियमचे ओतीव खांब सगळ्यात जास्त दिसतात. चुंबक लावा, बिडाला चिकटतं, ॲल्युमिनियमला नाही.

ब्रॅकेट कुठल्या ओतशाळेचा हे कळलं तर मोठा आनंद होतो, पण त्यातून काय सिद्ध होतं तेही समजून घ्या. ग्लासगोची वॉल्टर मॅकफार्लेन यांची सॅरासेन फाउंड्री असो की दुसरी कुणी, या मंडळींचा धंदा कॅटलॉगवर चालायचा. नमुना क्रमांक कळवा, माल बोटीने येईल. एकच साचा, आणि त्याचे नग जगभर. मुंबईतलं ठळक उदाहरण म्हणजे मेट्रो सिनेमाजवळचा १८६७ चा फिट्झजेराल्ड दीपस्तंभ आणि कारंजं. १९६० च्या दशकात तो तिथून हलवला, भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात राहिला आणि अलीकडे दुरुस्त होऊन परत मूळ चौकात आला. त्याचं जुळं इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनच्या बाजारचौकात उभं होतं. ते आता तिथे नाही. ओतशाळेच्या शिक्क्यावरून दोन्ही एका घरचे हे कळेल, पण कोणता भाग कोणत्या चौकातला हे शिक्का सांगणार नाही. म्हणून मी पुन्हा पुन्हा जागेकडे वळतो.

जागेचा कागदी पुरावा शोधायला मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे, आणि महापालिकेचे जुने वार्षिक प्रशासन अहवाल आहेत. या अहवालांत दिवाबत्तीचं स्वतंत्र प्रकरण असतं. एकट्या तुमच्या कंदिलाचा उल्लेख सापडणार नाही, पण कुठल्या भागात कुठल्या प्रकारचे दिवे कधी बदलले हे कळतं, आणि दुकानदाराने सांगितलेल्या जागेशी ते जुळतं की नाही हे पडताळता येतं. जुनी छायाचित्रं आणि पोस्टकार्डं त्याहून बोलकी. मात्र फोटो पाहताना कंदील पाहू नका, ते सगळे सारखेच दिसतात. ब्रॅकेटची वेलबुट्टी कुठे वळते, भिंतीवरची पट्टी किती बोल्टांची आहे, छपराच्या टोकाचा कळस कसा आहे, हे पाहा. बिडाचं ओतकाम म्हणजे साच्याची सही, ती फोटोतही बदलत नाही. इमारत अजून उभी असेल तर थेट तिथे जा. ब्रॅकेट काढलेल्या जागी भिंतीच्या दगडात भोकं राहतात. तुमच्या ब्रॅकेटच्या भोकांचा कागदावर ठसा घ्या आणि भिंतीवर धरून पाहा. तीन किंवा चार भोकं मिलिमीटरभर फरकाने जुळली, तर याहून पक्का पुरावा दुसरा नाही.

रंगाचे थरही इथेच उपयोगी पडतात. घासू नका म्हटलं त्याला हा एवढाच अपवाद. ब्रॅकेटच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला नाण्याएवढी जागा निवडा आणि बारीक ओल्या पॉलिश पेपरने, मास्क लावून, हळूहळू गोल घासा. थर एकात एक वर्तुळांसारखे उलगडतात. त्यांचा क्रम लिहून फोटो काढा. त्याच इमारतीच्या गजांवर किंवा जिन्याच्या कठड्यावर तोच क्रम निघाला तर दोन्ही वस्तूंनी रंगारी एकच पाहिलेला आहे.

परदेशी राहणारे वाचक असा दिवा घरी न्यायचा का असं विचारतात, म्हणून कायद्याबद्दल थोडं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही पुरावशेषात मोडू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वय शंभरच्या आत आहे असं वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसं प्रमाणपत्र आधी घ्या, मग पॅकिंगचं बघा. आणि देशात असो वा बाहेर, पावतीशिवाय घेऊ नका. रस्त्यावरचा दिवा ही सार्वजनिक मालमत्ता असते. बिडाचे खांब आणि तांब्याचे कंदील चोरीला जातात. लिलावातून निघालेल्या मालाला कागद असतो. तो मागा, आणि जुना कागद मिळाला तर वस्तूइतकाच जपा, कारण त्यावर वॉर्ड आणि खातं लिहिलेलं असतं.

वायरिंग करता येईल, पण परत काढता येईल असंच. नवीन भोक पाडू नका. आहे त्या पितळी नळीतून वायर घ्या, कडेला रबरी बुश घाला, धातूच्या सांगाड्याला अर्थिंग द्याच, आणि २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, कमी वॅटचा एलईडी लावा, म्हणजे एनॅमल तापणार नाही. जुनी जाळी शिल्लक असेल तर हाताने चुरू नका. थोरियम किंचित किरणोत्सर्गी असतं, आणि तिची भुकटी श्वासातून आत जाणं वाईट. डबीत बंद करून ठेवा. पुढे कधी १९५०-७० च्या दशकांतले मर्क्युरी दिवे घेतलेत तर त्यातल्या पांढऱ्या दोरीसारख्या वायरच्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि चोकजवळच्या जुन्या कपॅसिटरमध्ये घातक तेल. ते भाग उघडू नका, जाणत्या माणसाकडून काढून घ्या.

संग्रह पुढे वाढवायचा विचार असेल तर एक विनंती आहे. गॅसचे कंदील जपायला पुष्कळ लोक आहेत. २०१५ पासून देशभर रस्त्यांवर एलईडी बसू लागले. मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियम दिवे पांढरे झाले तेव्हा तरी मुंबईत ओरड झाली. बाकी गावांत कुणी मान वर करून पाहिलंही नाही. चाळीस वॅटच्या दोन ट्यूबचे लांबट डबे, एनॅमलची हिरवी-पांढरी थाळी आणि तिच्यात पिनचा होल्डर, सोडियमचे जड ॲल्युमिनियमचे डबे हे सगळं किलोच्या भावाने वितळलं आणि अजून वितळतं आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ज्या उजेडात क्रिकेट खेळलं आणि परीक्षेचा अभ्यास केला तो उजेड यांचा, आणि हे इथेच, आपल्या कारखान्यांत बनले. नगरपालिकेच्या विद्युत विभागात विचारा, भंगाराचा लिलाव कधी आहे ते कळतं. एक थाळी घ्या आणि खांब क्रमांक रंगवलेला असेल तर तो पुसू नका. निवृत्त वायरमनला गाठून तो क्रमांक कुठल्या गल्लीचा ते लिहून घ्या. त्यांच्यापैकी अनेकांना आपल्या हद्दीतले खांब अजून तोंडपाठ आहेत.

तुमच्या कंदिलाचे तीन फोटो मला पाठवा: तळाचा मध्यभाग, छपराची आतली बाजू आणि ब्रॅकेटची भिंतीकडची पट्टी. फ्लॅश वापरू नका; बाजूने तिरका टॉर्च धरा, म्हणजे रंगाखाली बुजलेली अक्षरं वर येतील. सोबत दुकानदाराने सांगितलेली जागा त्याच्याच शब्दांत लिहा, ती अविश्वसनीय वाटली तरी.